सालमीच्या टेकडीवरील पाटस्वारीची बखर

श्री. वाळूचे कण मोजून होत नाहीत आणि थोरांचे पराक्रम लिहून सरत नाहीत, तथापि लिहिणे प्राप्त. शके एकोणीसशे वीस, बहुधान्यनाम संवत्सरी, माघमासी, कुवेत मुलखी सालमीचे रस्त्यावरील वाळूच्या टेकडीवरोन राजश्री रविकांतपंत नाशिककर यांणी लाकडी पाटावर मांडी घालून जी स्वारी केली, तिची हकीकत लोकांत नाना प्रकारे सांगतात. कोणी म्हणतात पंत उडाले, कोणी म्हणतात गडगडले. दोन्ही गैरवाका. सबब जैसे घडले तैसे येथे नमूद केले आहे. अधिक उणे सुज्ञांनी सावरून घ्यावे. लिहिणाराची मती थोडी आणि त्यास मोहिमांची सवय नाही.

पंत म्हणजे मीना अब्दुल्ला येथील तेलशुद्धी कारखान्यातील इंजिनियर, मुक्काम अब्बासिया, पन्नाशी उलटलेली, अंगकाठी बारीक आणि चष्मा जाड. कारखान्यातील तमाम व्हॉल्व्ह त्यांचे हुकमात होते, परंतु माणसांपैकी एकही नव्हता. ग्रंथांचा नाद दांडगा आणि माणसांचा धाक त्याहून दांडगा. वाण्याचे दुकानी ओळखीचा मनुष्य समोर दिसला असता पंत डाळींच्या पोत्यांआड होत आणि तो मार्गस्थ होईतो मसुरीची परीक्षा करीत. घरून तूर सांगितली असता मसूर येई ती याच कारणाने.

त्या साली कुवेतातील मराठी मंडळाचे मुत्सद्दी एकत्र जाहले आणि त्यांणी मसलत केली की गुढीपाडव्याचे समारंभी बाहेरचा पाहुणा न आणता आपल्यातील विद्वानानेच अर्धा तास व्याख्यान द्यावे, आणि ज्याचे वाचन बहुत तो एकच, नाशिककर. हे फर्मान पंतांस फाशीचे हुकमासारखे वाटले. कारण मागे एकदा गणेशोत्सवात बक्षिसे वाटण्याचे निमित्ताने त्यांस माईकसमोर उभे केले होते, आणि पंत "नमस्कार" म्हणाले, आणि मग इतका काळ गेला की स्पीकरवाला उठून तारा तपासू लागला, आणि तारा शाबूत निघाल्या. तेव्हापासून मंडळाचे कार्यक्रमी पंत शेवटल्या रांगेतील दाराजवळची खुर्ची धरून बसत.

फर्मान घेऊन जे आले ते सलीलराव, श्यामलाबाईसाहेबांचे धाकटे बंधू, म्हणजे पंतांचे मेहुणे. विमानतळावर मालवाहतुकीचे खात्यात नोकर आणि मंडळाचे कार्यवाह. बोलण्यात ऐसे वाकबगार की त्यांस बोलावयास विषय लागत नसे. ते दिवाणखान्यात बसले, चहा घेतला, आणि मग त्यांची नजर भिंतीवरील ग्रंथांच्या फळीवर गेली.

ही फळी पंतांचे भूषण. ती त्यांणी जुम्मा बाजारात जुन्या चीजवस्तूंचे ढिगातून उचलली होती; लांब, गुळगुळीत, आणि दोन्ही टोके वर वळलेली. ग्रंथ दोहों बाजूंनी ढळू नयेत म्हणून कोण्या विचारवंत सुताराने ती ऐशी वळवली असे पंतांस वाटले, आणि हा एकच विषय होता की ज्यावर पंत आपण होऊन पाहुण्यांशी बोलत.

सलीलराव हसू लागले ते थांबेनात. मग म्हणाले, "दाजी, ही शेल्फची फळी नाही. हा स्नोबोर्ड आहे. मी ट्रेनिंगला ऑस्ट्रियात होतो ना, तिथं पोरं याच्यावर उभी राहून बर्फावरून घसरायची."

"मग टोकं कशाला वळवली आहेत?"

"बर्फात रुतू नये म्हणून. शब्दकोश पडू नये म्हणून नाही."

पंतांनी कन्येकडे पाहिले. चिरंजीव ओवी, इयत्ता नववी, हिणे पुस्तकातून डोके वर न काढता साक्ष दिली. "बाबा, एव्हरीबडी न्यू. तुम्हाला सांगितलं नाही, बिकॉज यू वेअर सो हॅपी."

हा वार जिव्हारी बसला. आणि त्या भरात पंतांचे मुखातून असे शब्द गेले की बर्फच कशाला पाहिजे, उतार पुरेसा असेल तर वाळूवरूनही कोणी घसरेल. बोलणे केवळ यंत्रशास्त्राचे होते. परंतु सलीलरावांनी ते हवेतच झेलले आणि विचारले, "कोणी म्हणजे? तुम्ही?" आणि पंतांस समोर दोन वाटा दिसल्या. एकीचे शेवटी माईक होता. त्यांणी दुसरी धरली.

लागलाच करारमदार जाहला. येत्या जुम्म्याचे दिवशी, कारखान्यास सुटी असता, पंतांनी सालमीचे टेकडीवरोन याच फळीने उतरावे. माथ्यापासून पायथ्यापर्यंत स्वार आणि फळी एकत्र पोहोचावी. मधेच ताटातूट जाहल्यास ती खेप बाद. फत्ते जाहल्यास व्याख्यान सलीलरावांनी द्यावे. न जाहल्यास पंतांनी पुरा अर्धा तास बोलावे, आणि "नमस्कार" त्यात धरला जाऊ नये. पंचपदी ओवीस नेमिले.

मग तयारीस आरंभ जाहला. फळीस पाय अडकवावयाचे पट्टे नव्हते. ते जुम्मा बाजारातच गळाले असावेत. आणि असते तरी काय, पंतांस बसमध्येही उभे राहून तोल सावरत नसे. तेव्हा बहुत विचारांती पंतांनी ठरविले की ज्या आसनावर मनुष्य जन्मभर न पडता बसला तेच आसन घ्यावे, म्हणजे पाट. घरात पाट एकच, शिसवी, पितळी फुलांचा, बाईसाहेबांचे लग्नातला, विमानाने आणिलेला. तो मागणे म्हणजे किल्ला मागणे. बाईसाहेब जाब्रियाच्या इस्पितळात लॅबोरेटरीचे कामावर. रोज परक्यांचे रक्त तपासून त्यांस कशाचेच नवल राहिले नव्हते. त्यांणी सारे ऐकून घेतले आणि कलमे घातली.

"पाटाला भोक पाडायचं नाही. पाटावर चपला-बूट घालून बसायचं नाही. आणि संध्याकाळी आमच्या लॅबातल्या दर्शनाचं डोहाळजेवण आहे, तिला त्याच पाटावर बसवायचं आहे, तेव्हा पाट त्याच्या आत हजर. माणूस मागून आला तरी चालेल."

पंतांनी तिन्ही कलमे मान्य केली, आणि त्यांतील मधल्या कलमाने पुढे जो गोंधळ मांडला तो यथास्थळी येईल.

तुळशीदास मेस्त्री म्हणून सावंतवाडीकडील सुतार अब्बासियात चौघा सोबत्यांसह खोली करून राहात. त्यांस पाचारण केले. मेस्त्रींनी फळी पाहिली, पाट पाहिला, पंतांस पाहिले आणि म्हणाले, "साहेबानू, पाट जेवणाक असता, लग्नाक असता. घसराक असता ता मी आजच ऐकतंय." परंतु मनुष्य कामाचा, त्यांणी फळीचे मूळच्या भोकांत बोल्ट आवळून एक लाकडी चौकट बसविली आणि पाट तीत पाचरांनी ठोकून घट्ट केला, आणि पाटास ओरखडा आला नाही.

जुम्म्याचे दिवशी फळी मोटारीचे टपावर बांधोन फौजेने कूच केले. फौज म्हणजे सलीलराव हाकावयास, पंत शेजारी, ओवी मागे, आणि खाली पोह्यांचा डबा. जहरा शहर मागे टाकिले तोच पोलिसांची गाडी आडवी आली. शिपाई तरुण, मिशी नवी, उतरून टपाकडे बोट करून म्हणाला, "शिनू हाज़ा?" म्हणजे हे काय. सलीलराव म्हणाले स्नोबोर्ड, आणि त्याच क्षणी पंत, जे सरकारी मनुष्यापुढे असत्य बोलत नसत, ते म्हणाले पुस्तकांची फळी. शिपायाने दोघांकडे पाहिले. दोन जबान्या जुळेनात तेव्हा वस्तू खाली उतरवण्याचा हुकूम जाहला, आणि तिचे उपयोगाचे प्रात्यक्षिक मागितले गेले.

मग काय सांगावे. हमरस्त्याचे कडेला, मालाचे ट्रक जात असता, पंतांनी कलमाप्रमाणे जोडे काढिले, फळी वाळूत ठेविली, पाटावर मांडी घातली, हात गुडघ्यांवर ठेविले आणि भयाने डोळे मिटून घेतले. एका ट्रकाने वेग कमी करून भोंगा वाजविला. शिपायाने पाटासभोवती एक फेरी घातली आणि गंभीरपणे विचारिले की या वाहनाचे दफ्तर कोठे आहे. दफ्तर म्हणजे त्या मुलखी मोटारीची नोंदवही. पंत खरोखरच उत्तर जुळवू लागले की यास एंजिन नसल्याकारणे नियम लागू होतो किंवा नाही. तेव्हा शिपायास हसू आवरेना. त्याने सोडून दिले, परंतु आपण मागोमाग गाडी घेऊन निघाला, कारण पुढे काय होते ते न पाहता त्यास चैन पडेना. ऐसी फौज वाढली.

टेकडी रस्त्यापासून आत. इराकचे लढाईनंतर सुरुंग काढून मोकळ्या केलेल्या जागी हिवाळ्याचे तंबू पडले होते. पायथ्याशी मोठा तंबू, त्यापुढे गालिचे, जनरेटर, आणि टीव्हीची थाळी. पंतांनी परक्यांचा तळ पाहिला आणि त्यांचे मनात आले की परत फिरावे. परंतु मग त्यांस माईक आठवला आणि ते चढू लागले.

माथ्यावर जोडे काढून जोडीने ठेविले. आता पंतांचे विद्येचा भाग. घर्षणाविषयी त्यांणी तीन ग्रंथ पाहिले होते आणि आयुष्य वंगणात गेले होते, सबब फळीचे तळास खोबरेल तेल सढळ हाताने चोळिले. मग पाटावर बसले, डोळे मिटले, आणि सलीलरावांस इशारत केली. सलीलरावांनी ढकलिले. फळी हलली नाही. पुनः ढकलिले. तेलास वाळू ऐशी चिकटली की फळी टेकडीचाच भाग होऊन राहिली. सलीलराव घामाघूम होऊन पोह्यांकडे गेले आणि ओवी मागोमाग गेली, आणि पंत पाटावर तसेच बसून राहिले, कारण उतरले तर खेप बाद होईल की नाही याचा त्यांस निर्णय होईना.

इतक्यात एक बंगाली मेंढपाळ आपला कळप घेऊन माथ्यावर आला. त्याने पाहिले की एक भला मनुष्य अनवाणी, मांडी घालून, दरीकडे तोंड करून बसला आहे. तो थोडा वेळ थांबला आणि मग आपली काठी आडवी ठेवून, आपल्याही चपला काढून, पंतांशेजारी बसला. बराच वेळ दोघांनी दरीकडे पाहिले. अखेर मेंढपाळ हळूच म्हणाला, "साब, इधर क्या मिलता है?"

"कुछ नहीं," पंत म्हणाले.

"तो कब तक बैठना है?"

हा प्रश्न पंतांचाही होता. त्यास उत्तर शोधीत असता खालून एक मनुष्य ट्रेमध्ये चहाचे पेले घेऊन धापा टाकीत वर आला. तो मुनव्वर, हैदराबादचा, खालच्या तंबूतील खानसामा. म्हणाला, "साब, हमारे हमीद साब दुर्बीन से देख रैं सुबह से. पुछा रैं, वो आदमी पहाड पे किससे नाराज हो के बैठा है, पूछ के आओ. और बोले, नाराजी जो भी है, चाय पी लो."

पंतांनी पेला हाती घेतला. परक्या माणसाशी बोलणे म्हणजे त्यांस सुळावर चढणे, परंतु पाटावरून उतरता येत नाही आणि पोती जवळ नाहीत, तेव्हा पळून कोठे जाणार. आणि मग ते सांगू लागले. फळी, जुम्मा बाजार, शब्दकोश, करार, माईक, सारेच सांगितले, आणि मुनव्वर आणि मेंढपाळ मान डोलवीत ऐकू लागले. मध्येच मुनव्वर म्हणाला, "पर साब, आप तेल लगाए? रेती पे?" आणि पंत खुलासा करणार तोच घात जाहला.

मेंढ्यांस खोबरेल आवडते ही गोष्ट कोणत्याच ग्रंथात नव्हती. कळपातील एक दांडगा मेंढा मागून येऊन फळीची कड चाटू लागला, आणि चाटता चाटता खालचे तेल लागेना म्हणून त्याने डोके घालून फळी रेटिली. फळी सुटली. पंत हाती चहाचा पेला धरून निघाले. निम्म्या उतारावर फळीने गिरकी घेतली, पंत उजवीकडे गेले आणि पाटासह फळी डावीकडे गेली, आणि ती एकटीच मोठ्या वेगाने पायथ्याशी जाऊन तंबूची दोरी तोडून थांबली. तंबूचा एक कोपरा बसला. पंत वाळूत बसले होते. चहा सांडला नव्हता, तो त्यांणी घाईने पिऊन टाकिला, कारण पेला भरलेला घेऊन माफी मागावयास जाणे त्यांस बरे दिसेना.

तंबूतून वयोवृद्ध गृहस्थ बाहेर आले. पांढरा अंगरखा, डोक्यास रुमाल, गळ्यात दुर्बीण. तेच हमीद. पंत अनवाणी उभे राहून माफीचे इंग्रजी शब्द जुळवू लागले. हमीद यांचे तिकडे लक्षच नव्हते. ते वाकून पाटाचे पितळी फुलावरोन बोट फिरवीत होते.

"ये तो पाट है," ते म्हणाले.

पंतांनी मान हलवून रुकार दिला.

"हम इसके ऊपर बैठ के भात खाया है. गिरगाव में. हमारे बाप का मोती का धंधा था बंबई में. ऊपर के माले पे एक ठकूबाई थी. हम छोटा था, रोज जाता था उसके पास." मग त्यांणी पंतांचे उघड्या पायांकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा एकाएकी पोरासारखा जाहला, आणि तोंडातून अस्सल मराठी बाहेर पडले. "चप्पल काढ, मेल्या!"

बाकी मराठी विसरले होते. इतके राहिले होते, कारण ते रोज ऐकले होते.

इकडे जोड्यांचा प्रकार असा जाहला. मेंढपाळाने माथ्यावर मालक नसलेले जोडे पाहिले आणि ते पोहोचते करावे म्हणून तो पूर्वेकडून उतरला. पंत जोडे आणण्यास पश्चिमेकडून चढले. माथ्यावर जोडे नाहीत तेव्हा पंत पूर्वेकडून उतरले. मेंढपाळास खाली पंत नाहीत तेव्हा तो जोडे घेऊन पश्चिमेकडून चढला. शिपाई आपल्या गाडीचे टपावर बसून हा लढा पाहात होता आणि कर्ण्यावरोन दोघांसही दिशा सांगत होता, परंतु अरबीत, आणि ऐशी भरभर की ती दोघांसही कळत नव्हती. अखेर मेंढ्या मधे आल्या म्हणून दोघे भेटले.

सूर्य कलू लागला. सलीलराव अंमळ अधिकच प्रसन्न दिसत होते आणि पंतांस व्याख्यानाकरिता विषय सुचवीत होते. "दाजी, 'वाचन आणि आपण' घ्या. किंवा 'पुस्तकं आणि फळ्या'." मुनव्वर याने मेणबत्त्या आणिल्या, तेल वाळूने घासून काढिले, तळास मेण चोळिले, आणि दुसरी खेप जाहली. फळी पाण्यासारखी सुटली, परंतु शेपटीस, म्हणजे मागल्या टोकास, वजन नसल्याने पुनः गिरकी, आणि पंत वाळूत. तिसऱ्या खेपेस पंत आधी पोहोचले आणि फळी मागाहून. दर खेपेस मेंढपाळ इमानाने जोडे खाली आणी, आणि दर खेपेस ते वर न्यावे लागत, कारण पंतांस अनवाणी चढवत नसे.

डोहाळजेवणाची वेळ जवळ आली. एकच खेप उरली. पंत माथ्यावर उभे, चष्मा वाळूने भरलेला, आणि मनात पाडव्याचा सभामंडप आणि तो तारा तपासणारा स्पीकरवाला. तोच मागून धापा टाकीत हमीद वर आले. त्यांणी शेपटीकडे बोट केले आणि म्हणाले, "इधर वजन मांगता. हम बैठेगा."

सलीलरावांनी हरकत घेतली. "ओ, असं नाही चालणार. दोघांचं ठरलं नव्हतं."

पंच ओवी पुढे जाहली. तिणे हाताची घडी घातली आणि निवाडा सांगितला. "मामा, इट सेज स्वार. हाऊ मेनी, ते कुणी म्हटलंय?"

"अगं पण त्याचा अर्थ..."

"मराठीत स्वार एक पण असतो आणि खूप पण असतात. बाबांनीच शिकवलंय."

पंतांनी कन्येकडे पाहिले, आणि इंग्रजीत उत्तर देणाऱ्या या मुलीकडे आपले व्याकरण केव्हा पोहोचले ते त्यांस कळेना. परंतु विचारास वेळ नव्हता. पंतांनी जोडे काढिले आणि पाटावर मांडी घातली. हमीद यांणी आपल्या चपलांकडे पाहिले, स्वतःसच दरडावून "चप्पल काढ, मेल्या" म्हणाले, त्या काढून पंतांचे जोड्यांशेजारी ठेविल्या, आणि मागे बसून पंतांचे कमरेस दोन्ही हातांनी विळखा घातला. मुनव्वर आणि सलीलराव यांणी ढकलिले.

फळी सुटली ती सरळ सुटली. वारा कानात शिरला आणि दोहों बाजूंनी वाळूचे पंखे उडाले, आणि पंतांचे पोट माथ्यावरच राहिले. भयाचे वेळी मनुष्य सर्वांत जुने जे पाठ असेल ते म्हणतो, पंतांचे मुखातून मोठ्याने निघाले, "बे एके बे." मागून हमीद गर्जले, "बे दुणे चार!" कारण ठकूबाईंची नातवंडे रोज दिवेलागणीस पाढे म्हणत आणि हमीद अर्थ न कळता चाल धरून म्हणत. मग काय विचारता. बे त्रिक सहा, बे चोक आठ, दोघांचे आवाज चढत गेले आणि फळी उतरत गेली. बे पंचे दहास चष्मा गेला. बे साते चौदास मेंढ्या दुभंगल्या. बे नवे अठरास तंबूची नवी दोरी अंगावर येऊ लागली आणि दोघांनी माना खाली घातल्या, आणि "बे दाहे वीस" म्हणता म्हणता फळी, पाट, पंत आणि हमीद असे सारे एकत्र गालिच्यावर जाऊन, खजुरांचे ताटापाशी, हलकेच थांबले.

शिपायाने गाडीचा भोंगा वाजविला, त्यावर मेंढ्यांनी साथ दिली, आणि हमीद गालिच्यावर उताणे पडून इतके हसले की त्यांचे डोळ्यांतून पाणी वाहू लागले. म्हणाले, "और एक बार. तीन का आता है?"

परंतु पाटास जाणे होते. निरोपाचे वेळी हमीद यांणी खजुरांची पेटी नजर केली, पंतांनी पोह्यांचा उरला डबा अर्पण केला, आणि पाडव्याचे आमंत्रण आपण होऊन दिले. पंतांनी कोणास आपण होऊन बोलाविल्याची ही पहिलीच नोंद. पाट वेळेत पोहोचला. बाईसाहेबांनी तो उलटासुलटा पाहिला, ओरखडा नाही, भोक नाही; फुलांचे पाकळ्यांतून तेवढी वाळू गळत होती. त्यांणी ती फुंकर मारून काढिली आणि पंतांस विचारले, "आणि चष्मा?" पंत म्हणाले, "दहाला गेला."

गुढीपाडवा आला. शाळेचे सभागृह भरोन गेले. व्यासपीठावर गुढी, तीपुढे रांगोळी. पहिल्या रांगेत हमीद, पांढरे शुभ्र वस्त्र करून, शेजारी मुनव्वर. पंत शेवटल्या रांगेत, दाराजवळ, निश्चिंत. करारान्वये व्याख्यानास सलीलराव उभे राहिले, आणि त्यांस विषय लागत नसल्याकारणे त्यांणी तयारी केलीच नव्हती, तेव्हा सालमीची स्वारीच सांगावयास घेतली. लोक हसू लागले. सलीलरावांस चेव चढला. म्हणाले पंत उंटावरून पडल्यासारखे पडले. म्हणाले मेंढ्यांऐवजी बकऱ्या होत्या. पंत खुर्चीत चुळबुळ करू लागले. मग सलीलराव म्हणाले, "आणि शेवटच्या वेळी दाजी वरपासून खालपर्यंत ओरडत होते, वाचवा, वाचवा!"

"नाही," असा आवाज आला.

सारी सभा मागे वळली. पंत उभे होते. ते केव्हा उठले हे त्यांस स्वतःसही ठाऊक नव्हते. "वाचवा नाही. मी बे एके बे म्हणत होतो. आणि बकऱ्या नव्हत्या. आणि आधी तेलाचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळत नाही." असे म्हणत पंत रांगांमधून पुढे चालू लागले, चुकीची दुरुस्ती केल्याविना त्यांस राहवेना, आणि चालता चालता व्यासपीठाचे पायरीशी आले तेव्हा त्यांस समोर तो माईक दिसला आणि पाऊल थबकले. सभा गप्प. तारा शाबूत.

तेव्हा पहिल्या रांगेतून, बुलंद आवाजात, अस्सल गिरगावचे मराठीत हुकूम सुटला. "चप्पल काढ, मेल्या!"

सभागृह हास्याने दणाणले. पंतांनी पाहिले तो समोर गुढी, आणि ती पाटावर उभी, आणि पाट तोच. त्यांणी जोडे काढिले, पायरीखाली जोडीने ठेविले, आणि अनवाणी वर चढले. "नमस्कार" म्हणावयाचे राहूनच गेले. प्रथम फळीची वळणे सांगितली, मग शिपाई, मग मेंढपाळ, मग मेंढा, आणि प्रत्येक माणूस आपले बोलण्यानिशी उभा केला, आणि पाढ्यापाशी आले तेव्हा पहिल्या रांगेने सुरुवात केली आणि सारी सभा बे दाहे वीसपर्यंत म्हणाली. अर्धा तास केव्हाच सरला होता. जेवणे खोळंबली. शाळेचा पहारेकरी दोनदा येऊन खुणावून गेला आणि तिसऱ्या वेळी त्याने बत्ती मालवली, तेव्हा पंत अंधारातही मेणाचे महत्त्व सांगत होते.

घरी पोहोचल्यावर बाईसाहेबांनी पंतांचे पायांकडे पाहिले. पायमोजे वाळूसारखे पिवळे, आणि त्यांवर काही नाही.

"जोडे?"

पंतांनी खाली पाहिले. मग हसले.

येणेप्रमाणे सालमीची स्वारी फत्ते जाहली, व्याख्यानापासून पंतांची मुक्तता जाहली, आणि व्याख्यानही त्यांणीच दिले. फळी पुनः भिंतीवर गेली आणि शब्दकोश तीवर पूर्ववत आहे, तो हलविला असता अद्याप वाळू पडते. जोडे मंडळाकडे जमा आहेत. न्यावयास पंत दर जुम्म्यास जातात, आणि तेथे कोणीतरी भेटते, बोलणे निघते, आणि ते विसरोन परत येतात. घरून तूर सांगितली असता अलीकडे तूरच येते. लेखनसीमा.